डिश मोठी करण्याआधी डिश तपासा: पावसात जाणारा टीव्ही आणि घरच्या घरी करायची कामं



मागच्या ऑगस्टमधली गोष्ट. बंदी उठून आठवडा झाला होता, बोटी बाहेर होत्या आणि संध्याकाळी संस्थेच्या हॉलमध्ये बातम्या बघायला दहा-बारा माणसं बसली होती. हवामानाचा इशारा सुरू झाला, बाहेर सर कोसळली आणि टीव्हीवर चौकोन चौकोन येऊन पाटी आली: सिग्नल नाही. वारा कुठून येणार, किती जोराचा, काही ऐकू आलं नाही. पाऊस थांबला तेव्हा टीव्ही परत आला, पण तोवर बातम्या संपल्या होत्या. ज्यांची माणसं समुद्रात होती त्या वहिनी तेवढा वेळ फोन लावत बसल्या.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं: डिश मोठी घ्या. आम्हीही तयार होतो. पण घेण्याआधी जुनी उघडून बघितली. वायरचा जोड सोडला तर आतला तांब्याचा तार हिरवा पडलेला, भांड्याला कळक चढावा तसा. बोल्ट गंजून सैल झालेले आणि डिश जरा खाली झुकलेली. नवा जोड लावला, दिशा परत धरली आणि त्याच जुन्या डिशवर टीव्ही पुष्कळ सुधारला. मोठी डिश आम्ही नंतर घेतली, तिचंही पुढे सांगतो. कामं कुठल्या क्रमाने करायची, हे आम्ही यातून शिकलो. तो क्रम इथे मांडतो आहोत.

पावसात सिग्नल का जातो?

आपल्या बहुतेक घरांत डीडी फ्री डिश आहे. तिचे चॅनल जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडलेला हा उपग्रह विषुववृत्ताच्या वर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर आहे. एवढ्या लांबून येणारा सिग्नल अगदी क्षीण असतो. डिशचं काम तो गोळा करून पुढच्या दांड्यावरच्या एलएनबीच्या तोंडात टाकायचं.

या सिग्नलच्या लाटेची लांबी सुमारे अडीच सेंटिमीटर. पावसाचे टपोरे थेंब एवढ्या लहान लाटेला अडवतात, थोडी शोषतात, थोडी इकडेतिकडे उडवतात. रेडिओच्या लाटा कित्येक मीटर लांब, म्हणून त्यांना पावसाचं काही वाटत नाही. जुन्या केबलवाल्यांच्या मोठ्या जाळीच्या डिशवर येणारी लाट सात-आठ सेंटिमीटरची होती, म्हणून त्या पावसातही बऱ्यापैकी टिकायच्या.

आता मुख्य मुद्दा. डिजिटल टीव्ही हळूहळू खराब होत नाही. सिग्नल एका पातळीच्या वर असेल तर चित्र स्वच्छ, खाली गेला की एकदम बंद. बंदराच्या तोंडाशी वाळूचा दांडा असतो तो आठवा. भरतीला बोट वरून सहज जाते, तळाखाली चार हात पाणी आहे की चार बोटं, ते वर बसलेल्याला कळत नाही. ओहोटी लागली की कळतं. पाऊस म्हणजे सिग्नलची ओहोटी. कोरड्या दिवशी चित्र छान दिसतं म्हणून आपली डिश ठीक आहे असं समजू नका. तळाखाली किती पाणी आहे ते बघा.

ते बघायची जागा सेट-टॉप बॉक्समध्येच आहे. मेनूमध्ये सिग्नलच्या दोन पट्ट्या दिसतात, एक ताकदीची आणि एक दर्जाची. दर्जाची पट्टी महत्त्वाची. ताकदीत नुसता गोंगाटही मोजला जातो. आजच, कोरड्या हवेत, दर्जाचा आकडा कागदावर लिहून ठेवा. पुढचं प्रत्येक काम केल्यावर तो किती वाढला ते बघा.

आधी जिवाची काळजी

कौलांवर, पत्र्यावर पावसात चढायचं नाही. हे काम मेच्या शेवटी, होड्या वर ओढायच्या सुमारास उरका, नाहीतर चांगली उघडीप बघून. एकट्याने चढू नका. विजेची तार डिशच्या जवळून जात असेल तर हात लावू नका, माणूस बोलवा. जोड सोडण्याआधी सेट-टॉप बॉक्सचा प्लग काढा. त्याच वायरमधून एलएनबीला १३ ते १८ व्होल्ट वीज जाते. माणसाला तिचा धोका नाही, पण तार एकमेकांना टेकली तर बॉक्स जळू शकतो. विजा कडाडायला लागल्या की डिशची वायर आणि प्लग दोन्ही काढून ठेवायची सवय लावा.

खासगी कंपनीची डिश असेल तर काही बदलण्याआधी त्यांना विचारा. त्यांचे उपग्रह वेगळ्या जागी असतात, म्हणून खालचे अंश त्यांना लागू होतीलच असं नाही.

पहिलं काम: जोड आणि वायर

किनाऱ्यावरच्या घरात दहातल्या बहुतेक वेळा दोष इथेच सापडतो, असा आमचा अनुभव. खारं वारं जोडात शिरतं आणि तांबं खातं.

१. एलएनबीकडचा आणि बॉक्सकडचा, दोन्ही जोड सोडा. तार हिरवा किंवा काळा दिसला तर चकचकीत तांबं लागेपर्यंत वायर मागे कापत जा. दोन-तीन हात कापूनही काळंच लागलं तर वायरमध्ये पाणी शिरलं आहे, ती पूर्ण बदला. नवी घेताना आरजी-६ घ्या.

२. नवा एफ कनेक्टर लावताना वरची जाळी मागे दुमडा. मधला तार कनेक्टरच्या कडेच्या बाहेर दोन-तीन मिलिमीटर राहू द्या. जाळीचा एकही केस मधल्या ताराला टेकता कामा नये. पिळून बसवायच्या कनेक्टरपेक्षा दाबून बसवायचा जास्त टिकतो.

३. जोडावर आधी आपोआप चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा, खालून वर. कौलं घालतो तसं वरचं वेटोळं खालच्यावर आलं पाहिजे, म्हणजे पाणी घरंगळून जातं. वरून उन्हासाठी साधी काळी टेप.

४. वायर घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या. पाणी झोळाच्या टोकावरून गळून जाईल, भिंतीच्या भोकातून आत येणार नाही.

५. मध्ये तुकडे जोडून वायर लांबवली असेल तर ते जोड काढून एक अखंड वायर टाका. चांगली वायर पंचवीस-तीस मीटर असली तरी फारसं बिघडत नाही. बिघडवतात ते उघडे जोड.

एलएनबीचं तोंड झाकणारं प्लास्टिकचं टोपणही बघा. उन्हाने ते तडकतं आणि पाणी आत जातं. तडकलेलं असेल तर एलएनबी बदला. त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधायची पद्धत आपल्याकडे दिसते. पिशवीत घाम धरतो आणि पावसात ओली पिशवी सिग्नलच अडवते.

बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घ्या आणि ग्रीस लावून बसवा. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी असलं की एक दुसऱ्याला खातो, हे बोटवाल्यांना सांगायला नको. तळाला जस्ताचे ठोकळे आपण त्यासाठीच लावतो. स्टीलचा बोल्ट आणि ॲल्युमिनियमचा दांडा असेल तर मध्ये प्लास्टिकचा वॉशर टाका.

दुसरं काम: दिशा

६० सेंटिमीटरच्या डिशची नजर फार अरुंद, सुमारे तीन अंशांची. दीड अंश चुकलं की निम्मा सिग्नल गेला. दीड अंश म्हणजे डिशची एक कड दुसरीच्या मानाने दीड सेंटिमीटर पुढे किंवा मागे. वाऱ्याने सैल बोल्टवर एवढं सहज सरकतं. कोरड्या दिवशी निम्म्या सिग्नलवरही चित्र छान दिसतं, म्हणून चूक लक्षात येत नाही.

गोवा आणि कारवारच्या पट्ट्यातून जीसॅट-१५ होकायंत्रावर साधारण १२७ अंशांवर, म्हणजे आग्नेयेच्या जरा पूर्वेला आहे. उंची क्षितिजापासून सुमारे ६१ अंश. मालवणकडे उंची ६० च्या आसपास धरा. होकायंत्र पत्र्यापासून आणि लोखंडी खांबापासून लांब उभं राहून बघा. इंजिनाजवळ ते चुकतं तसंच इथेही चुकतं. डिश दिसायला बरीच उभी दिसेल, त्याने गोंधळू नका. तिची बनावटच तशी आहे, तिरकी बघते. मागच्या पट्टीवर उंचीचे अंश कोरलेले असतात, ते धरा.

काम दोघांनी करायचं, एक डिशजवळ आणि एक टीव्हीसमोर, फोन चालू ठेवून.

जुनी जागा मार्करने खूण करून ठेवा, म्हणजे चुकलं तर परत येता येईल. बोल्ट पूर्ण सोडू नका, हाताने जोर लावल्यावर हलेल एवढेच सैल करा. डिश केसभर सरकवा आणि चार-पाच सेकंद थांबा, कारण पट्टी उशिरा बदलते. आधी डावी-उजवी, मग वर-खाली. दर्जा वाढतो तिथे लगेच थांबू नका. पुढे जाऊन तो पडू द्या, परत मागे येऊन दुसऱ्या बाजूलाही पडू द्या, आणि दोन्हींच्या बरोबर मध्ये डिश ठेवा. शेवटी एलएनबी तिच्या पकडीत दोन्हीकडे थोडी थोडी फिरवून बघा. तिचा तिरकेपणा चुकला तर दर्जा बराच पडतो.

एक युक्ती उपयोगी पडली. चांगल्या हवेत पट्टी आधीच भरलेली असते, त्यामुळे नेमकी जागा कळत नाही. अशा वेळी ओला पंचा डिशच्या निम्म्या भागावर पसरून चिमट्यांनी अडकवा. सिग्नल पडतो, पट्टी अर्ध्यावर येते आणि थोड्या हालचालीनेही वरखाली होताना स्पष्ट दिसते. सिग्नल पूर्णच गेला तर पंचा थोडा काढा. जागा मिळाली की बोल्ट आळीपाळीने आवळा. एकच बोल्ट एकदम आवळला तर डिश फिरते. आवळून झाल्यावर पट्टी परत बघा आणि पंचा काढायला विसरू नका.

तिसरं काम: माड

डिश लावली तेव्हा समोर मोकळं होतं. आठ वर्षांत माड वाढला. कोरडी झावळी एखाद वेळ चालून जाते, भिजलेली झावळी सिग्नल खाते. हिशेब असा: डिशच्या दिशेने माड जितका लांब, त्याच्या सुमारे पावणेदोन पटीपर्यंत तो डिशपेक्षा उंच असलेला चालतो. ६ मीटरवर माड असेल तर डिशच्या पातळीपासून साधारण १० मीटर. त्याहून वर शेंडा गेला असेल तर माड न तोडता डिशची जागा बदला.

हे डोळ्यांनी तपासायचे वर्षात दोन मोसम आहेत. १३-१४ मार्च आणि ३० सप्टेंबरच्या आसपास, सकाळी अकराच्या आगेमागे, आपल्याकडून बघताना सूर्य बरोबर या उपग्रहाच्या मागे येतो. त्या वेळी डिशवर झावळीची सावली पडली तर झावळी सिग्नलच्या वाटेत आहे. त्याच दिवसांत काही मिनिटं टीव्ही बिघडतो, कारण सूर्याचा गोंगाट सिग्नलला बुडवतो. तो आपोआप जातो, तेव्हा डिश हलवू नका.

नारळ पडून डिशला पोचा आला असेल तर तोही बघा. या लाटेला दोन-तीन मिलिमीटरचा उंचसखलपणाही खुपतो. ठोकून सरळ केलेली डिश पहिल्यासारखी होत नाही.

चौथं काम: मोठी डिश

वरची तीन कामं करून दर्जाचा आकडा वाढला, तरी प्रत्येक सरीला टीव्ही जातोच, तर मग मोठी डिश घ्या. ६० सेंटिमीटरच्या जागी ९० सेंटिमीटर घेतली की क्षेत्र सव्वादोन पट होतं आणि सिग्नलही तेवढाच जास्त गोळा होतो. आमच्या हॉलवर ती लावल्यावर साध्या सरीत टीव्ही जायचा थांबला. ढगफुटीसारखा पाऊस आला की अजूनही जातो, पण लवकर परत येतो.

घेताना तीन गोष्टी लक्षात ठेवा.

डिश, दांडा आणि पकड एकाच संचातली घ्या. एलएनबी नेमक्या जागी असावी लागते. जुन्या डिशचा दांडा नव्या डिशला जोडला तर ती जागा चुकते आणि मोठेपणाचा फायदा जातो.

नजर आणखी अरुंद होते, सुमारे दोन अंश. म्हणजे दिशा दीडपट काळजीने धरावी लागते.

सव्वादोन पट सिग्नल घेणारी डिश वाराही सव्वादोन पट घेते. ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्यात ६० च्या डिशवर साधारण १७ किलोचा दाब येतो, ९० च्या डिशवर चाळीस किलोच्या आसपास. कौलांच्या वाशाला किंवा पोकळ विटेच्या भिंतीला ती लावू नका. सिमेंटचा ठोकळा ओतून त्यात जाड पाइप बसवा, किंवा स्लॅबमध्ये विस्तार पावणारे बोल्ट ठोका. जमलं तर पश्चिमेकडे भिंतीचा आडोसा मिळेल अशी जागा निवडा. डिशला आग्नेय दिशा मोकळी लागते आणि पावसाळ्यातला मोठा वारा समुद्राकडून येतो, त्यामुळे घराच्या मागच्या अंगाला ती चांगली बसते. सुटलेली डिश शेजाऱ्याच्या अंगणात पडली तर टीव्हीचं दुःख बाजूला राहील.

रंग द्यायचा असेल तर पातळ आणि बिनचमकीचा द्या. होडीला देतो तसा जाड चमकदार रंग दिला तर ऊन एलएनबीवर एकवटतं आणि टोपण वितळू शकतं.

या भानगडीत पडू नका

डिशच्या कडेला पत्रा किंवा चांदीचा कागद लावून ती मोठी करणे. आकार मिलिमीटरने चुकला तरी ती लाट भलतीकडे जाते आणि वारा मात्र पुरेपूर लागतो.

मोठ्या भोकांच्या जाळीपासून डिश करणे. मोठ्या आसाच्या जाळ्यातून बारीक मासा निसटतो. केबलवाल्यांच्या जाळीत अडकणारी लाट मोठी होती, ही बारीक आहे.

वायरच्या मध्ये सिग्नल वाढवायचं यंत्र बसवणे. ते सिग्नलबरोबर गोंगाटही तेवढाच वाढवतं. इंजिनाच्या आवाजात माणसाचं बोलणं ऐकू येत नसेल तर दोन्हींचा आवाज मोठा करून काय मिळणार?

घरची डिश बोटीवर चालेल का?

हा प्रश्न दर वर्षी येतो. चालणार नाही. डिशची नजर तीन अंशांची आणि बोट शांत पाण्यातही त्याहून जास्त डोलते. मोठ्या जहाजांवर घुमटात जी डिश असते ती मोटरवर फिरून सतत स्वतःला सावरत असते, तिचा खर्च वेगळा. बोटीवर पैसे घालायचे असतील तर आधी व्हीएचएफ सेटची बॅटरी, अँटेना आणि तिचे जोड बघा. तोच हिरवा कळक तिथेही सापडेल.

शेवटचं, पण सगळ्यांत महत्त्वाचं

डिश कितीही सुधारली तरी मुसळधार पावसात ती कधीतरी जाणारच, आणि इशारा नेमका तेव्हाच लागतो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्यावरून गेलं तेव्हा वीजच गेली. डिश धडधाकट असलेल्या घरांतही टीव्ही काळा होता. म्हणून हवामानाच्या इशाऱ्यासाठी डिशवर विसंबू नका.

घरात बॅटरीवर चालणारा रेडिओ ठेवा. फोन भरलेला ठेवा. हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा निघण्याआधी बघा, समुद्रात गेल्यावर घरच्यांनी टीव्हीवर बघून कळवण्याची वाट बघू नका. बोटीवर व्हीएचएफचं १६ नंबर चॅनल चालू ठेवा. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर घरातल्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा, म्हणजे घाईत शोधावा लागणार नाही.

डिशचं काम एका दुपारचं आहे. पाना, टेप, दोन कनेक्टर, ओला पंचा आणि टीव्हीसमोर बसायला एक माणूस एवढंच लागतं. हे काम मुलांना बरोबर घेऊन करा, त्यांना पट्टी वाचायला आवडते. ज्यांच्या घरी चढणारं कुणी नाही त्यांनी संस्थेत नाव सांगावं. बंदीच्या दिवसांत, उघडीप मिळेल तशी, आम्ही दोघं-तिघं येऊन करून देऊ. चहा तेवढा ठेवा.